"चालतंय तर हात लावू नका" हा सल्ला आपल्याला परवडणारा नाही

चळवळीच्या कामात संगणक आल्यापासून एक सल्ला आम्ही सतत ऐकत आलो आहोत. "चालतंय ना? मग हात लावू नका." सांगणारा माणूस आपुलकीनेच सांगतो. पण बंद पडल्यावर दुरुस्त करायला ज्याच्याकडे पगारी माणूस बसलेला आहे, त्यालाच हा सल्ला परवडतो. वर्गणीवर चालणाऱ्या गटांना तो परवडत नाही. का परवडत नाही, हे आम्ही एका प्रत्यक्ष बिघाडाच्या आधारे मांडणार आहोत. विषय तांत्रिक आहे, पण घाबरण्यासारखे त्यात काही नाही. आमचे स्वतःचे शिक्षण समाजशास्त्रात एम.ए.पर्यंतचे. जे आम्हाला समजले ते कोणत्याही कार्यकर्त्याला समजेल.

आमच्या गटाकडे एक छोटी नोंदप्रणाली आहे. वसतिगृहांत आणि वस्त्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांचा पाठपुरावा आम्ही तिच्यात ठेवतो. कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना झाला, कोणाचे जात वैधता प्रमाणपत्र यायचे आहे, कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही, कोणाच्या अर्जात त्रुटी निघाली. पूर्वी हे सगळे वहीत असायचे. वही एकाच्या पिशवीत आणि विद्यार्थी दुसऱ्याच्या दारात, अशी गत व्हायची. २०२२ च्या सप्टेंबरअखेर अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने ही प्रणाली बनवून दिली. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला. प्रणाली दोन वर्षे बिनतक्रार चालली. मग सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने कळवले की जुने यंत्र महिनाभरात बंद होणार. नव्या यंत्रावर तोच कोड ठेवला, त्याच सूचनांनी सगळे बसवले, आणि प्रणाली सुरूच होईना. अर्जाच्या मुदतीला तीन आठवडे उरले होते.

कोडमध्ये एक अक्षरही बदललेले नव्हते. मग बिघडले काय?

हे समजायचे तर प्रणाली कशावर उभी असते ते पाहावे लागते. आमची प्रणाली पायथन भाषेत लिहिलेली आहे. पायथन आणि डेटाबेस यांच्यामध्ये दुभाष्याचे काम एसक्यूएलअल्केमी नावाची लायब्ररी करते. ती २००६ पासून चालत आलेली, जगभर वापरली जाणारी आणि मोफत आहे. वेबपाने दाखवण्याचे काम फ्लास्क करते. या दोघांना जोडणारे एक्स्टेन्शन म्हणजे फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी. नळाच्या कामात पाइप आणि कपलिंग यांचे आटे जुळावे लागतात. पाइप बनवणारा एक आणि कपलिंग बनवणारा दुसरा असला, आणि पाइपवाल्याने आटे बदलले, तर जुने कपलिंग फिरेल पण धरणार नाही. आमच्याकडे हेच झाले होते.

प्रणालीसोबत एक रिक्वायरमेंट्स फाइल असते. कोणत्या लायब्रऱ्या लागतात त्यांची ती यादी. आमच्या यादीत फ्लास्क २.२.२ आणि फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी २.५.१ असे आकडे नीट लिहिलेले होते. पण खुद्द एसक्यूएलअल्केमीचे नाव यादीत नव्हते. ती एक्स्टेन्शनच्या मागोमाग आपोआप येते, म्हणून ते लिहिण्याची रीत फारशी नाही. आता एक्स्टेन्शनची २.५.१ ही आवृत्ती इन्स्टॉल करणाऱ्या पिपला काय सांगते? "एसक्यूएलअल्केमी ०.८ किंवा त्यापुढची कोणतीही चालेल." वरची मर्यादा काहीच नाही. २०२२ च्या सप्टेंबरात या सूचनेवर १.४.४१ ही आवृत्ती आली. जानेवारी २०२३ मध्ये एसक्यूएलअल्केमी २.० प्रसिद्ध झाली. त्यामुळे नव्या यंत्रावर त्याच सूचनेवर २.० आली. सूचना तीच होती, तिचा अर्थ काळाबरोबर बदलला होता.

फ्लास्कच्या बाबतीतही तसेच. फ्लास्कच्या खाली वेर्कत्सॉइग नावाची लायब्ररी असते. हा जर्मन शब्द आहे, अर्थ अवजार. फ्लास्क २.२.२ म्हणते, "वेर्कत्सॉइग २.२.२ किंवा पुढची." सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस वेर्कत्सॉइग ३.० आली आणि तिच्यातून काही जुनी फंक्शन्स काढून टाकली गेली. म्हणून आम्हाला दिसलेला पहिला संदेश होता, 'यूआरएल_कोट' हे नाव वेर्कत्सॉइगमधून आयात करता येत नाही. ते दुरुस्त केल्यावर दुसरा संदेश आला, एसक्यूएलअल्केमीमध्ये 'ऑल' नावाचा गुणधर्म नाही.

हा दुसरा संदेश समजून घेण्यासारखा आहे. जुन्या एसक्यूएलअल्केमीत आपल्या सगळ्या सार्वजनिक नावांची एक यादी असे. एक्स्टेन्शन ती यादी वाचून प्रत्येक नाव स्वतःच्या अंगावर लावून घेत असे, म्हणजे कोड लिहिणाऱ्याला सगळे एकाच ठिकाणी मिळे. २.० मध्ये ती यादी राहिली नाही. दाराबाहेरची नावांची पाटी काढली आणि ती वाचून आत येणारा बाहेरच थांबला, इतकेच. डेटाबेसला काही झाले नव्हते. विद्यार्थ्यांची एकही नोंद हललेली नव्हती. पण पडद्यावर चाळीस ओळींचा इंग्रजी मजकूर पाहिला की माणसाला वाटते, सगळे गेले. म्हणून पहिला धडा असा की असा मजकूर खालून वर वाचावा. खरी तक्रार शेवटच्या ओळीत असते. वरच्या ओळी ती तक्रार कोणत्या वाटेने आली ते सांगतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. लायब्रऱ्यांचे आपसात जुळते की नाही हे तपासायला पिपमध्येच 'चेक' नावाची आज्ञा आहे. ती चालवली. उत्तर आले की सगळे ठीक आहे, काहीही विसंगत नाही. आणि प्रणाली तर बंद! कारण 'चेक' फक्त जाहीर केलेल्या अटी तपासते. अट होती ०.८ किंवा पुढची, आणि २.० ही पुढचीच आहे. कागद बरोबर होता. कागदावरची तरतूद आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतले अंतर आपल्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. तपासणी कागदाची केली तर उत्तरही कागदाचेच मिळते.

या टप्प्यावर दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला म्हणतो, "आता सगळंच लेटेस्ट टाकून द्या." दुसरा म्हणतो, "हे आपलं काम नाही, कुणा व्यावसायिकाला द्या." दोघांचेही म्हणणे आम्ही तपासून पाहिले.

व्यावसायिकाचे आधी पाहू. एकाला विचारले तर उत्तर मिळाले की हे जुने झाले, सगळे नव्याने लिहावे लागेल. खर्चाचा आकडा आमच्या वर्षभराच्या वर्गणीहून मोठा होता. पण पैशापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच. कामासाठी त्याला डेटाबेसची फाइल हवी होती. त्या एका फाइलमध्ये मुलामुलींची नावे, जात, घरचे उत्पन्न, फोन आणि बँकेचा तपशील एकत्र आहे. लोकांनी ही माहिती आमच्यावर विश्वास टाकून दिलेली आहे. बिघाड आटे न जुळण्याचा असताना सगळे घरच दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे? ज्याची नोंद त्याच्या हातात तिची दुरुस्तीही असली पाहिजे. निदान बिघाड कुठे आहे हे ओळखण्याइतकी तरी.

आता लेटेस्टवाल्याचे. नवे बसवावे हे खरे, पण एका झटक्यात नाही. मुदत तोंडावर असताना तर नाहीच. जुने यंत्र अजून चालू होते. त्यावर पिपची 'फ्रीझ' आज्ञा चालवली. ही आज्ञा त्या क्षणी प्रत्यक्ष बसलेल्या प्रत्येक लायब्ररीचा नेमका आकडा छापून देते. एसक्यूएलअल्केमी १.४.४१, वेर्कत्सॉइग २.२.२, आणि बाकीच्यांचेही. ती संपूर्ण यादी नव्या यंत्रावर नेली, वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यातच बसवली, आणि प्रणाली सुरू झाली. त्या रात्री एवढेच केले. दुसऱ्या दिवसापासून कार्यकर्ते पुन्हा विद्यार्थ्यांना फोन करू लागले. मुदत संपेपर्यंत आम्ही प्रणालीला हात लावला नाही. "हात लावू नका" या सल्ल्याची खरी जागा एवढीच आहे: काही आठवडे, काही वर्षे नव्हे.

कारण गोठवून ठेवणे म्हणजे सोडवणे नव्हे. सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रामुख्याने नव्या आवृत्त्यांत येतात. जुन्या आवृत्त्या एक दिवस नव्या पायथनवर बसेनाशा होतात. आज दोन आकडे पुढे जायचे ते टाळले तर उद्या वीस आकडे पुढे जावे लागते, आणि तेव्हाच "सगळे नव्याने लिहा" हे म्हणणे खरे ठरते. म्हणून मुदत संपल्यावर आम्ही डेटाबेसच्या फाइलची प्रत काढली आणि त्या प्रतीवर पायरी पायरीने काम सुरू केले. नियम एकच ठेवला, एका वेळी एकच आकडा बदलायचा.

पहिल्या पायरीला आकडा बदललाच नाही. एसक्यूएलअल्केमी १.४ ही मुद्दाम पूल म्हणून बांधलेली आवृत्ती आहे. ती मार्च २०२१ मध्ये आली, २.० जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे करणाऱ्यांनी जवळजवळ दोन वर्षांची मुदत दिली होती. १.४ मध्ये एक सोय आहे. 'वॉर्न २०' हा शब्द नावात असलेले एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चालू केले की, २.० मध्ये काय काय चालणार नाही याचे इशारे कोड चालताना दिसू लागतात. चालू केले नाही तर यांतले बहुतेक इशारे दिसत नाहीत. आमच्या कोडमध्ये असे इशारे मोजकेच निघाले. सिलेक्टला चौकटी कंसातली यादी देण्याची जुनी पद्धत, साधा मजकूर म्हणून लिहिलेले एसक्यूएल जे आता टेक्स्टमध्ये गुंडाळून द्यावे लागते, आणि इंजिनला थेट एक्झिक्यूट सांगण्याची सवय. हे तिसरे २.० मधून पूर्ण काढून टाकलेले आहे.

या तिसऱ्यापाशी थांबणे भाग आहे, कारण इथे धोका आवाज न करता येतो. जुन्या पद्धतीत इंजिनला थेट सांगितलेली भर किंवा बदल लायब्ररी स्वतःच पक्का करून टाकत असे. नव्या पद्धतीत आधी जोडणी उघडायची, काम सांगायचे आणि मग कमिट करायचे. कमिट न केल्यास जोडणी बंद होताना बदल मागे घेतला जातो. त्रुटीचा संदेश येत नाही. आम्ही चाचणीच्या प्रतीवर हे मुद्दाम करून पाहिले. पाच विद्यार्थ्यांपुढे "कागद मिळाले" अशी खूण केली. पडद्यावर "नोंद झाली" आले. पान पुन्हा उघडले तर पाचही खुणा गायब. खऱ्या कामात हे घडले असते तर कागद आणून देणाऱ्या मुलीला आम्हीच पुन्हा फोन करून "कागद आणले नाहीत" म्हणालो असतो. इंटरनेटवर सापडलेले दुरुस्तीचे दोन ओळींचे तुकडे जसेच्या तसे चिकटवू नयेत ते यासाठी. प्रणाली सुरू होणे आणि प्रणाली बरोबर चालणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उपाय सोपा निघाला. इंजिनच्या 'बिगिन'मध्ये काम लिहिले की काम संपताना ते आपोआप पक्के होते, आणि ही पद्धत १.४ आणि २.० दोन्हीत चालते. म्हणजे पूल ओलांडण्याआधीच कोड दोन्ही काठांना चालेल असा करता येतो.

दुसऱ्या पायरीला फक्त एक्स्टेन्शन बदलले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेली फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी ३.० ही मालिका एसक्यूएलअल्केमी १.४ सोबत चालते आणि २.० सोबतही. दोन लायब्रऱ्यांचे भांडण सोडवताना नेहमी अशी दोघांशी बोलणारी आवृत्ती शोधावी. इथेही एक मूक धोका होता. आमचा डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे एकच फाइल, आणि तिचा पत्ता कोडमध्ये अर्धाच लिहिलेला. जुने एक्स्टेन्शन अशी फाइल प्रणालीच्या मूळ फोल्डरात शोधत असे, ३.० ती 'इन्स्टन्स' नावाच्या फोल्डरात शोधते. तिथे फाइल नव्हती. प्रणाली सुरू होताना तक्ते नसतील तर नवे बनवते, म्हणून तिने तिथे नवी कोरी फाइल बनवली. पडद्यावर यादी रिकामी! आमच्या एका सहकाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. पण आम्ही प्रतीवर काम करत होतो आणि जुनी फाइल जागच्या जागी होती. पूर्ण पत्ता लिहिला आणि सगळी नावे परत दिसू लागली.

तिसऱ्या पायरीला एसक्यूएलअल्केमी २.० बसवली, आणि तोवर करण्यासारखे काही उरलेच नव्हते. मग एक्स्टेन्शनची ३.१ ही आवृत्ती, जिला एसक्यूएलअल्केमी २.०.१६ किंवा पुढचीच लागते. शेवटी फ्लास्क आणि वेर्कत्सॉइग यांच्या ३ च्या आवृत्त्या जोडीने. प्रत्येक पायरीनंतर तीच पाच कामे करून पाहिली: नवे नाव घालणे, शोधणे, खूण करणे, पान बंद करून पुन्हा उघडणे, यादी छापणे. चार रविवार लागले. दोघींनी आणि एकाने मिळून केले. त्यांतले कोणीही अभियंता नाही.

यात दोष कोणाचा, असे काही तरुण साथींनी विचारले. एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांनी "२.० च्या खालचीच" अशी मर्यादा का घातली नाही? प्रश्न रास्त आहे. पण २.५.१ मार्च २०२१ ची. तेव्हा २.० अजून यायची होती, आणि न आलेल्या आवृत्तीवर आधीच बंदी घातली तर पुढे जुळत असूनही लोक अडकून पडतात. दुसऱ्यांनी वापरायच्या लायब्ररीने दार उघडे ठेवणे समजण्यासारखे आहे. पण उघड्या दाराचा भार शेवटी जो प्रत्यक्ष वापरतो त्याच्यावर येतो. मोठ्या कंपनीत हा भार उचलायला वेगळा माणूस असतो. छोट्या गटात तो असत नाही. म्हणून छोट्या गटाने मोठ्या कंपनीपेक्षा जास्त काटेकोर असले पाहिजे, कमी नव्हे. वापरकर्त्याने आपले आकडे कुलूपबंद करावेत आणि ते कुलूप ठरलेल्या दिवशी स्वतःच उघडावे.

संघटनेत बैठकीचे इतिवृत्त आपण का लिहितो? कोण काय म्हणाले हे पुढच्या कार्यकर्त्याला तोंडी आठवणींवर सोडायचे नसते म्हणून. आवृत्त्यांची यादी हे प्रणालीचे इतिवृत्त आहे. ते नसेल तर बनवणाऱ्याच्या आठवणीवर सगळे अवलंबून राहते, आणि बनवणारा नोकरीला जातो, लग्न होऊन जातो, आजारी पडतो.

ज्या गटांकडे अशा छोट्या प्रणाल्या आहेत, मग त्या अभ्यासिकेच्या असोत, ग्रंथालयाच्या असोत की न्यायालयीन प्रकरणांच्या पाठपुराव्याच्या, त्यांना आमचे सांगणे आहे. आज, प्रणाली चालू असताना, 'फ्रीझ' चालवा आणि निघालेली यादी पायथनच्या आवृत्तीसह जपून ठेवा. आपण निवडलेल्या चार लायब्रऱ्यांची फाइल वेगळी ठेवा आणि मागोमाग आलेल्या सगळ्यांची ही पूर्ण यादी वेगळी ठेवा. दर तीन महिन्यांनी एक रविवार ठरवून प्रतीवर नव्या आवृत्त्या बसवून पाहा, खऱ्यावर नाही. बदलले काय, संदेश काय आला, उपाय काय केला, हे मराठीत वहीत लिहा. आणि हे काम किमान दोघांना येईल असे पाहा. त्यांतली एक मुलगी असावी असा आमचा आग्रह आहे. कारण संगणकाची खुर्ची मुलांना आणि चहाची किटली मुलींना ही वाटणी आपल्या कार्यालयांतूनही अजून पुरती गेलेली नाही.

चालणाऱ्या गोष्टीला हात लावायला शिका. बंद पडल्यावर तिला हात लावण्याचा हक्क आपोआप दुसऱ्या कोणाकडे जातो, आणि आपल्या मुलांची नावे असलेली फाइल त्याच्यासोबत जाते.